द्राक्षबागांतून जाणारी वाट कोणाची?

नाशिकहून पश्चिमेला निघाले की पाऊस वाढत जातो, पूर्वेला निघाले की आटत जातो. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास आणि निफाड-येवल्याकडे त्याहून कमी. हा सगळा फरक जेमतेम शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात पडतो. म्हणून पश्चिमेला भात, नागली आणि डोंगरउतारावरचे जंगल, मध्ये धरणांचे पाणी आणि त्याच्या कडेने वाइनच्या द्राक्षांच्या बागा, आणि पूर्वेला खाण्याच्या द्राक्षांचे व उसाचे सपाट शिवार. एका दिवसाच्या सायकलफेरीत जंगल, नदीखोरे आणि द्राक्षबाग हे तिन्ही पाहता येतील असा प्रदेश भारतात दुसरा मला माहीत नाही.

सायकल चालवणारेही इथे भरपूर आहेत. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे डॉक्टर बंधू. २०१५ साली त्यांनी दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि एकट्याने ती पार करणारे ते पहिले भारतीय ठरले. तेही त्या काळात नाशिकमध्येच नेमणुकीवर होते. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची पंढरपूरची सायकलवारी आता आषाढाच्या वेळापत्रकात रुळली आहे. रोज पहाटे गंगापूर रोडवर आणि त्र्यंबक रोडवर सायकलींचे दिवे दिसतात.

पण हे सारे डांबरावर चालले आहे. खडीच्या, मुरमाच्या, मातीच्या वाटेवर जाड टायरची सायकल घेऊन उतरणारा इथे अजून एकटा-दुकटा आहे, आणि आपण नेमके कुठून जायचे, कोणाला विचारायचे, हे त्याला ठाऊक नसते. नाशिकच्या माउंटन बायकिंगचा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो. डोंगर, बागा, सायकली, पाय यांपैकी कशाचीच उणीव नाही. ज्यांच्या जमिनीतून जायचे त्यांच्याशी बोलून ठरवलेली वाट तेवढी नाही.

या खेळाच्या जन्मकथेतही हाच प्रश्न आहे. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली अशी तरुण मंडळी जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन टॅमलपाइस डोंगराच्या आसपासच्या मातीच्या रस्त्यांवरून खाली सुटत. १९७६ मध्ये त्यांनी एका तीव्र उतारावर शर्यत सुरू केली आणि तिला ‘रिपॅक’ असे नाव पडले. एका उतरणीतच मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे, म्हणून हे नाव. वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपर्यंत, हा खेळ जगभर पोहोचला. मात्र मरीनमध्ये पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांच्याशी सायकलवाल्यांचे खटके उडाले, अनेक वाटा सायकलींना बंद झाल्या. त्याच झगड्यातून १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात सायकलवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. वाटा बांधणे, राखणे आणि त्यांच्यासाठी वाटाघाटी करणे हे तिचे काम. खेळ आधी आला आणि परवानगीचा विचार नंतर, याची किंमत मरीनला अजून मोजावी लागते. नाशिकला ती टाळता येईल, कारण इथे अजून कोणाशी भांडण झालेले नाही.

मरीनच्या शेजारीच सोनोमा आणि नापा ही वाइनची खोरी आहेत, आणि नाशिकच्या वाइनची नाळही तिथेच जाते. राजीव सामंत नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातून परतले, गंगापूर धरणाजवळच्या जमिनीत त्यांनी वाइनची द्राक्षे लावली आणि सोनोमातले वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांची मदत घेतली. ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क झाले. २००५ मध्ये सुलाने लोकांना बसून वाइन चाखता येईल अशी जागा उघडली आणि नाशिकला देवदर्शनाव्यतिरिक्त दुसऱ्या कारणासाठी येणारा पाहुणा मिळाला. मग गंगापूर धरणाच्या काठी यॉर्क, गंगावऱ्ह्याला सोमा, इगतपुरीकडे सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा, कावनईला वालोने, दिंडोरीला शँडॉन अशा वाइनरी उभ्या राहिल्या. नकाशावर या ठिकाणांवरून बोट फिरवले तर गोदावरी, दारणा आणि कादवा या तीन नद्यांची खोरी जोडली जातात. सायकलचा मार्ग जणू आधीच आखून ठेवलेला आहे.

मात्र नकाशावर बोट फिरवणे वेगळे आणि बागेतून सायकल नेणे वेगळे. द्राक्षबाग ही बाहेरून येणाऱ्याला हिरवी शोभा वाटते, ती शेतकऱ्याची वर्षभर चालणारी कामाची जागा आहे. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते. आपली झोपत नाही. म्हणून इथे वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी घडांसाठी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा फवारण्यांचा काळ. केवडा आणि भुरी या दोन रोगांची धास्ती एवढी असते की ढग दाटले तर रात्रीसुद्धा ट्रॅक्टरवरचा फवारणी पंप सुरू होतो. जानेवारी ते मार्च काढणी. सायकल चालवायला सगळ्यात सुंदर हवा असते ती नेमकी याच सहा महिन्यांत. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात राज्यातले नीचांकी तापमान नोंदवले जाते त्या सकाळी शिवारात काय प्रकाश असतो हे ज्याने पाहिले तो पुन्हा पुन्हा जातो. पण तेच दिवस शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारे असतात.

शिवाय आपल्याला दिसणाऱ्या बहुतेक बागा वाइनच्या नसतातच. जिल्ह्यातले बरेचसे क्षेत्र खाण्याच्या द्राक्षांचे, त्यातला काही वाटा युरोपला जाणाऱ्या मालाचा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षे अडकली आणि शेतकऱ्यांना जबर फटका बसला. तेव्हापासून निर्यातीच्या बागेतल्या प्रत्येक फवारणीची नोंद ठेवण्याबद्दल बागाईतदार अधिकच काटेकोर झाला आहे. अशा बागेच्या दोन ओळींमधून अनोळखी माणूस सायकल घेऊन शिरला, ठिबकच्या नळीवरून चाक नेले, वर घड पिकलेले आहेत, तर मालक ओरडला यात त्याचे काय चुकले? नुकतेच औषध मारलेल्या बागेतून धापा टाकत जाणे सायकलवाल्याच्या फुप्फुसांनाही चांगले नाही. माझे मत स्पष्ट आहे: ओळींमधून सायकल नेऊच नये. वाइनरीच्या मालकाने स्वतःच्या बागेत वाट आखून दिली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी सायकलची जागा बागेच्या कडेच्या रस्त्यावर.

आणि हे कडेचे रस्ते आपल्याकडे आहेत, फार पूर्वीपासून आहेत. प्रत्येक गावाच्या जुन्या नकाशात ते तुटक रेषांनी दाखवलेले असतात. दुबार तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० प्रमाणे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा यांची मालकी सरकारची. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतापर्यंत जाण्यासाठी कलम १४३ खाली तहसीलदाराकडे वाट मागता येते. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आहे. हे कायदे नांगर आणि बैलगाडीसाठी झाले, सायकलच्या सहलीसाठी नाही, हे खरे. तरी नकाशावर सार्वजनिक म्हणून नोंदलेल्या गाडीमार्गावरून जाणारा सायकलवाला कोणाच्या शेतात घुसलेला नसतो, एवढा आधार त्याला त्यातून मिळतो.

अडचण पुढची आहे. यातल्या अनेक पाणंदी बांध सरकत सरकत गिळल्या गेल्या. सव्वाआठ फुटांची वाट आज कुठे दोन फूट उरली आहे, कुठे फक्त कागदावर. २०२१ मध्ये सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती या वाटा मोकळ्या करून त्यांवर खडी-मुरूम टाकण्यासाठी. शेतमाल भरून येणारा ट्रॅक्टर पावसात रुतू नये हा तिचा हेतू. सायकलवाल्यांनी या योजनेकडे आजवर लक्ष दिलेले नाही, ते द्यायला हवे. काळ्या मातीत ओल असताना सायकल चालतच नाही, चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये चिखल गच्च बसतो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरूम टाकलेली पाणंद मात्र पावसानंतर आठवड्याभरात चालू लागते. ट्रॅक्टरसाठी झालेला रस्ता सायकलला आपसूक मिळतो, आणि पाणंद मोकळी ठेवण्यात शेतकरी व सायकलवाला या दोघांचेही हित एकच आहे. इतका साधा समान धागा दुसऱ्या कुठल्या पर्यटनात क्वचितच सापडेल.

याहून चांगली वाट कालव्यांच्या कडेची. गंगापूर आणि पालखेड धरणांच्या कालव्यांना लागून देखभालीचे रस्ते आहेत, सपाट, लांबच लांब, बहुतेक ठिकाणी वाहनांपासून मोकळे. मालकी जलसंपदा विभागाची, म्हणजे बोलायचे तर एकाच खात्याशी बोलावे लागते. पूर्वेला गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे. रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे पक्ष्यांचे थवे उतरतात. नवख्याने आणि मुलांनी सुरुवात या बाजूला करावी, फक्त ऊस दोन्हीकडून उंच वाढलेला असेल तिथे संध्याकाळी थांबू नये. निफाडच्या उसात बिबट्या राहतो आणि त्याची सवय गावाला आहे, पाहुण्याला नाही.

जंगलाची बाजू सगळ्यात नाजूक. ब्रह्मगिरी, अंजनेरी, बोरगड ही नावे काढली की डोंगरी सायकलवाल्याचे डोळे चमकतात. बोरगड २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाले, अंजनेरी २०१७ मध्ये. अंजनेरीच्या पठारावर ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदीलपुष्पाची जात वाढते, तिच्या नावातच या डोंगराचे नाव आहे. कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. पावसाळ्यानंतर या पठारांवरची माती बोटभर जाडीची असते आणि तिच्यात पुढच्या वर्षीचे कंद असतात. ब्रेक दाबून घसरत नेलेले एक चाक त्यातून चर पाडते, पुढच्या पावसात तो चर ओहोळ होतो. अंजनेरीच्या माथ्यापर्यंत रस्ता नेण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी त्याला कडाडून विरोध केला, २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या खोदकामाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्यात सायकलवालेही होते. मग आपणच पठारावर चाके घेऊन जायची मागणी कोणत्या तोंडाने करायची? माझ्या मते अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे माथे सायकलला वर्ज्य असावेत, कायमचे. पायथ्याच्या गावांना जोडणारे जुने गाडीमार्ग पुरेसे आहेत, आणि ते खरोखर सुंदर आहेत.

ब्रह्मगिरीभोवती तर वाट आहेच. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लाखो माणसे तिच्यावरून डोंगराची प्रदक्षिणा करतात, रात्रभर, अनवाणी. तिथे सायकलीची शर्यत भरवावी असे सुचवणारे भेटतात. भाविकांच्या दिवसांत सायकल तिकडे फिरकूही नये, आणि इतर दिवशीही गावात थांबून, विचारून जावे. गोदावरीच्या उगमाची ती वाट पायांनी घडवलेली आहे.

या वाटांवर रोज चालणारी माणसे या चर्चेत फार क्वचित दिसतात. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी या तालुक्यांत महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर समाजाची वस्ती आहे. भाताची कापणी आटोपली की त्यांतली हजारो कुटुंबे छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), थिनिंग (विरळणी), काढणीच्या कामाला दिंडोरी-निफाडच्या बागांत उतरतात. वाइनच्या बाटलीतले बरेचसे हातकाम त्यांचे. त्यांच्या गावातून जाणारी वाट आपण ‘ट्रेल’ म्हणून वापरणार असू, तर त्या वाटेतून गावाला काही मिळाले पाहिजे. जेवण, मुक्काम, वाटाड्या, सायकलदुरुस्ती यांतून मिळेल तेवढे तर हवेच, पण वाट वापरण्याचे शुल्कही हवे. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईने बाजूला व्हायचे आणि सायकलवाल्याने घंटी वाजवत निघून जायचे, असली वाट उभी राहण्यापेक्षा न झालेली बरी. उतारावर पायी माणूस दिसला की सायकलवाल्याने उतरावे, हा नियम पहिल्या फलकावर लिहायला हवा.

जगात याची उत्तरे वेगवेगळ्या प्रकारे निघाली. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या जुन्या वाटा सायकलींना खुल्या झाल्या, अट एवढीच की पायी आणि घोड्यावर जाणाऱ्याला आधी वाट द्यायची. स्कॉटलंडने २००३ मध्ये जवळपास सगळ्याच मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला. हे दोन्ही आपल्याकडे जसेच्या तसे चालणार नाही, आपली शेते लहान आणि माणसांनी भरलेली आहेत. दक्षिण आफ्रिकेचे केप मात्र आपल्याला जवळचे आहे. स्टेलनबॉशच्या आसपास द्राक्षबागा, डोंगर आणि नदीखोरी शेजारी शेजारी आहेत, २००४ पासून ‘केप एपिक’ ही अनेक दिवसांची शर्यत तिथल्या बागांमधून आणि डोंगरांतून होते आणि एरवीही सायकलवाले परवाना काढून ठरलेल्या वाटांवर फिरतात. जमीनमालकाने वाट द्यायची, सायकलवाल्याने पैसे मोजायचे, पैशांतून वाट राखायची. नाशिकला घेण्यासारखे ते हेच.

महाराष्ट्रातल्या इतर द्राक्षपट्ट्यांचा आढावा लवकर होतो. नारायणगाव-जुन्नरला कुकडीचे खोरे, नाणेघाट आणि किल्ले आहेत, भारतीय वाइनच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक तिथलाच, आणि २०१८ पासून जुन्नर पर्यटन तालुका आहे, नाशिकनंतर शक्यता तिथेच. अकलूजकडे फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागा आहेत पण जंगल नाही. तासगाव-पलूसला बेदाणा आणि कृष्णा आहे, चढ-उतार कमी. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर उलटे चित्र दिसते. काशीला गेलेल्या मराठी यात्रेकरूला गंगेच्या दक्षिणेला, चंदौली जिल्ह्यात, विंध्याच्या पठाराची कड लागते. तिथे १९५७ मध्ये स्थापलेले चंद्रप्रभा अभयारण्य आहे, राजदरी आणि देवदरी हे धबधबे आहेत, सायकलच्या जोगे घाट आहेत. जंगल आणि दरी आहे, द्राक्ष नाही, आणि अभयारण्य असल्याने रस्ता सोडून चाक नेता येत नाही. 

सायकलीबद्दल थोडक्यात. नाशिकच्या वाटांना दोन्ही बाजूंनी सस्पेन्शन असलेली महाग सायकल लागत नाही. पुढे सस्पेन्शन, मागे सरळ फ्रेम, सव्वादोन इंची टायर एवढे पुरते. खरा शत्रू सराटा आणि बाभळीचा काटा. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरल्याशिवाय शिवारात उतरू नये, नाहीतर दिवस पंक्चर काढण्यात जातो. पाणी दोन लिटर, फेब्रुवारीनंतर तीन. आणि वाइन चाखायची असेल तर ती फेरी संपल्यावर, मुक्कामाच्या जागी. उन्हात घाम गाळून आलेल्या शरीराला दोन ग्लास वाइन कशी चढते हे वाइनरीतल्या माणसांना चांगले माहीत असते, त्यांनीच सायकलवरून आलेल्याला आधी पाणी आणि जेवण द्यावे.

आता करायचे काय, तर फार मोठे काही नाही. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत नाशिक-त्र्यंबकच्या परिसरात रस्ते रुंद होत आहेत. जुन्या वाटांची नोंद आत्ताच झाली नाही तर त्यांतल्या काही रुंद रस्त्यांखाली जातील. सुरुवात गंगापूर धरणाच्या पाणलोटात करावी, कारण तिथे वाइनरी, धरण, आदिवासी गावे आणि डोंगर एकमेकांना लागून आहेत. गंगावऱ्हे, गिरणारे आणि त्र्यंबकच्या अलीकडचे गोदाकाठचे बेझे, एवढ्या गावांच्या गावनकाशांवरचे गाडीमार्ग भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवायचे, पायी चालून पाहायचे, कुठे बंद आहेत ते टिपायचे. सायकल क्लबने नकाशा करावा, वाइनरींनी फलकांचा आणि देखभालीचा खर्च उचलावा, शुल्क ग्रामपंचायतीने गोळा करावे आणि ठेवावे. फवारणी आणि काढणीच्या दिवसांत कोणता तुकडा बंद ठेवायचा हे बागाईतदार ठरवतील, ते क्लबने निमूट पाळायचे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय ठेवला तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत ठराव होऊ शकतो, आणि त्यानंतर लवकरच पाऊस ओसरून मुरूम सुकतो.